बुटांच्या खोक्यात मावणारी खिंड

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच टेबलाबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. खेळ म्हणजे छोटे पुतळे घेऊन टेबलावर खेळायचा युद्धखेळ. टेबल तीन बाय तीन फूट. २८ मिमी उंचीचे मावळे आणि मोगल (या पुतळ्यांनाच मिनी म्हणतात) रंगवून तयार. उंबरखिंडीसारखी घाटातली चकमक खेळायची आहे, जमलं तर पुढे पावनखिंडही. घर दोन खोल्यांचं आणि टेरेनसाठी, म्हणजे टेबलावर मांडायच्या खडक-भिंती-झाडांसाठी, माळ्यावर एक कोपरा. थर्माकोलच्या खडकावर स्प्रे मारला तर तो डोळ्यांदेखत वितळला, तोही दोनदा. आता विचारताय की सुटंसुटं, हवं तसं मांडता येणारं स्कॅटर टेरेन कशाचं आणि कसं करावं, की सरळ थ्रीडी प्रिंटरच घ्यावा.

वितळण्याचं कोडं सोपं आहे. थर्माकोल काय आणि ते निळं-गुलाबी एक्सपीएस (दाट फोमची शीट) काय, दोन्ही पॉलिस्टायरीनच. स्प्रेच्या डब्यातलं द्रावक पॉलिस्टायरीन खातं. तुम्ही फेविकॉलचा हात दिला होता असं लिहिलंय, पण थर्माकोलच्या मण्यांमधल्या बारीक फटींत फेविकॉल उतरत नाही आणि स्प्रे मात्र उतरतो. म्हणून फोमवर स्प्रे नाहीच, ब्रश. हा नियम मी सोळा वर्षांत चार वेळा मोडला आणि चारही वेळा तुकडा कचऱ्यात गेला.

पण कशाचं करायचं हे नंतर. आधी ते ठेवणार कशात ते ठरवा.

मी पहिल्यांदा केली ती अख्खी खिंड होती. दोन फूट लांब, दोन्ही बाजूंना कडे, मधून ओढा, ओढ्याला चकचकीत पाणी. आलेले लोक फोटो काढायचे. तिच्यावर खेळलो मात्र तीनदाच, कारण ती कपाटावरून खाली काढायला दोन माणसं लागायची, आणि मांडली की दर वेळी तीच खिंड, तोच ओढा, तीच चाल. चौथ्या वेळी प्रतिस्पर्धी म्हणाला, ‘तू कुठून येणार ते मला माहीत आहे.’ घर बदललं तेव्हा ती टेंपोत चढलीच नाही.

त्यानंतर मी आधी डबा ठरवायला लागलो. बुटांचं मोठं खोकं घ्या, आतून साधारण ३३ बाय २० सेंटिमीटर आणि १२ सेंटिमीटर उंच. आता तुकड्याचं माप ७५ बाय ४० मिमी धरा. एका थरात लांबीला चार आणि रुंदीला पाच, म्हणजे वीस तुकडे बसतात. मध्ये पुठ्ठा टाकून दुसरा थर. म्हणजे चाळीस तुकड्यांची जागा झाली, आणि प्रत्येक थराला साडेपाच सेंटिमीटर उंची मिळाली. आपोआप दुसरा नियम तयार झाला: ५५ मिमीपेक्षा उंच काही करायचं नाही, आणि करायचंच असेल तर वरचा भाग सुटा निघाला पाहिजे. हे बंधन पुढे फार कामाला येतं, झाडांपाशी आलो की सांगतो.

ही कल्पना माझी नाही. १८१२ मध्ये रायस्वित्झ नावाच्या प्रशियातल्या अधिकाऱ्याने राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याच्यासाठी युद्धखेळाचं टेबल बनवलं, त्यातली जमीन सुट्या चौकोनी तुकड्यांची होती, हव्या त्या रचनेत मांडता येणारी. आणि ते टेबल म्हणजे खण असलेलं एक मोठं कपाटच होतं, खेळ संपला की सगळं आत. बारा वर्षांनी त्याच्या मुलाने खेळ छापील नकाशांवर आणला, आणि मग तो सैन्यात खरा पसरला. नकाशाची घडी घालता येते, टेबलाची येत नाही.

आता ७५ मिमीच का. तीन इंच म्हणून. बऱ्याच खेळांत माणूस एका चालीत सहा इंच जातो. फ्रॉस्टग्रेव्हमधला जादूगार सहा, बोल्ट ॲक्शनमधला शिपाई सावध चालीत सहा आणि धावला तर बारा. तुमची नियमावली कुठलीही असो, दोन तुकडे टोकाला टोक लावले की एका माणसाची एक चाल झाली. मांडताना टेप लागत नाही, डोळ्यालाच कळतं. दोन आडोशांमध्ये दीड-दोन तुकड्यांचं अंतर असेल तर माणूस एका दमात पलीकडे जातो. तीन तुकड्यांचं असेल तर त्याला एक फेरी उघड्यावर काढावी लागते, आणि तिथेच गोळी लागते. बहुतेक नवशिके आडोसे किती आहेत ते मोजतात. मोजायची असते ती मधली मोकळी जागा.

उंचीचेही दोनच प्रकार ठेवा. एक कमरेइतका, १५ ते १८ मिमी, ज्याच्यामागे मावळा वाकून बसतो पण दिसतो. दुसरा डोक्यावरून जाणारा, ४५ ते ५५ मिमी, ज्याच्यामागचं काहीच दिसत नाही. मधल्या उंचीचे, २५-३० मिमीचे तुकडे करू नका. ‘दिसतोय’, ‘नाही दिसत’ यावरची सगळी भांडणं त्याच तुकड्यांवरून होतात. बेसची, म्हणजे पुतळ्याखालच्या चकतीची, मापंही लक्षात ठेवा: २५ मिमीचा बेस खडकाच्या माथ्यावर उभा राहायला हवा असेल तर सपाट जागा ३० मिमीची लागते, आणि दोन खडकांमधून जायला ४०ची फट लागते. घोडेस्वार असतील तर त्यांचा बेस हातात धरून मोजा, आठवणीवर जाऊ नका.

एक हिशेब करू. टेबल ९० बाय ९० सेंटिमीटर, म्हणजे ८१०० चौरस सेंटिमीटर. चकमकीच्या खेळाला साधारण पाव टेबल टेरेनने भरलेलं असावं, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. आपला एक तुकडा ३० चौरस सेंटिमीटरचा. चोवीस तुकडे केले तरी ७२० होतात. उरलेले तेराशे स्कॅटरने भरायला गेलात तर टेबल भंगाराच्या दुकानासारखं दिसतं. ते भरायचे चार-पाच मोठ्या तुकड्यांनी, प्रत्येकी १८ बाय १५ सेंटिमीटरचे, सपाट माथ्याचे टेकाड. त्यांचा विषय वेगळा. एवढंच सांगतो की ते साधे, पाटीसारखे ठेवा, म्हणजे कपाटामागे उभे सरकवता येतात.

आणि काहीही कापण्याआधी एक डाव काडेपेट्यांवर खेळा. खरंच. चोवीस काडेपेट्या, वाटल्यास सारीपाटाच्या सोंगट्या, पुस्तकांचे गठ्ठे टेकड्यांऐवजी. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कळतं की डाव्या उतारावर दोन आडोसे कमी आहेत, आणि मधल्या वाटेवर पाच जास्त. माझ्या पहिल्या यादीत दहा झुडपं होती. डाव खेळल्यावर सहा राहिली आणि दगडांचे तुकडे वाढले.

तुमच्या खिंडीला हे जास्तच लागू आहे. फेब्रुवारी १६६१. शाइस्ताखानाने कारतलबखानाला कोकणात उतरायला धाडलं, सोबत मोगलांच्या बाजूची सरदारीण रायबागन होती, आणि सह्याद्रीच्या अरुंद वाटेत शिवाजी महाराजांनी फौज कोंडली. शेवट शरणागतीत झाला. या लढाईचं सगळं मर्म जमिनीत आहे: वर लपायला जागाच जागा आणि खाली काही नाही. तुम्ही स्कॅटर टेबलभर सारखं पेरलं, तर ती उंबरखिंड राहत नाही, कुठलंही मैदान होतं. चोवीसातले पंधरा-सोळा तुकडे उतारांवर जाऊ द्या. तळाच्या वाटेवर जे असेल ते आडोसा कमी आणि अडथळा जास्त असावं: आडवं पडलेलं झाड, उलटलेलं ओझं, एखादा बसकण मारलेला बैल. मोगल खेळणाऱ्याला तिसऱ्या फेरीला घाम फुटला की समजा मांडणी जमली.

आता साहित्य. एक्सपीएस मिळालं तर उत्तमच. गच्चीच्या उष्णतारोधक थराला आणि शीतगृहांना ते वापरतात, त्यामुळे चित्रकलेच्या दुकानात शोधू नका, इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्याकडे जा. ते गठ्ठ्याने विकतात, एक शीट मागितली की तोंड वाकडं करतात. तुटक्या कोपऱ्याची शीट आहे का विचारा, आपल्याला कोपरे तोडायचेच आहेत. २५ मिमी जाडीची एक शीट दोन वर्षं पुरते.

नाही मिळालं तर थर्माकोल चालतो, पण त्याला गरम तारेने कापा, कटरने नाही. कटर मणी उपटतो. मी तार चालवायला शिकलो ते एका मखरवाल्याकडे, गणपतीच्या आधीच्या महिन्यात. राज्याच्या २०१८च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचा थर्माकोलही सापडला आणि तो माणूस पुठ्ठ्याच्या मखरांकडे वळला. पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतून येणारा थर्माकोल अजूनही घरोघरी फुकट असतो. तार चालवताना खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने, तो धूर चांगला नाही.

तिसरा पर्याय मला मनापासून आवडतो: सनबोर्ड. फ्लेक्सवाल्याच्या, पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानामागे ३ आणि ५ मिमीचे कटपीस पोत्याने पडलेले असतात. पडक्या भिंती, चौथरे, तुकड्यांचे तळ यांना ते फार छान. फक्त त्याला गरम तार कधीही लावू नका. ते पीव्हीसी आहे, जळलं की निघणारा वायू घसा आणि फुप्फुसं जाळतो. कटर आणि पट्टी, बस.

तळासाठी लोक ३ मिमी एमडीएफ वापरतात, मीही वापरत होतो. त्यावर वाळू-फेविकॉलचा ओला थर दिला की सुकताना तो आकसतो आणि एमडीएफ वाटीसारखा वाकतो. खालच्या बाजूलाही पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात दिला तर ओढ दोन्हीकडून सारखी बसते. पण पावसाळ्यात कडा फुगतात त्या फुगतातच. म्हणून लहान तुकड्यांना आता सनबोर्डच, आणि झुडपांच्या मोठ्या बेटांना जुन्या सीडी. सीडी १२० मिमीची, सव्वा मिमी जाड, वाकत नाही आणि घरात पडून असते. चकचकीत बाजू पॉलिश पेपरने घासा, नाहीतर फेविकॉल वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटून येतो. बारा सेंटिमीटरची सीडी आपल्या ७५ बाय ४०च्या घरात बसत नाही हे खरं. तिला वरच्या थरात सहा घरांची जागा द्यावी लागते. तळाच्या कडा कटरने तिरक्या छाटा, म्हणजे तुकडा कापडावर ठेवलेल्या ताटलीसारखा न दिसता जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. आणि प्रत्येक तुकड्याखाली एक लोखंडी वायसर चिकटवा. पंख्याच्या वाऱ्याने अख्खा खडक उडून गेलेला मी पाहिला आहे.

खडकांवर थोडं रेंगाळतो, कारण बहुतेकांचे खडक इथेच फसतात. आपण व्हिडिओ बघून शिकतो, आणि व्हिडिओतले खडक असतात स्कॉटलंडचे नाहीतर आल्प्सचे: उभे, टोकदार, करडे. सह्याद्री तसा नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो झाला आहे, त्यामुळे आडव्या पट्ट्या दिसतात: उभा कडा, मग अरुंद पायरी, पुन्हा कडा. लोणावळ्याकडून खाली उतरताना रेल्वेच्या खिडकीतून समोरचा डोंगर बघा, सगळा नमुना तिथे आहे. मग एक्सपीएसचे ८ ते १० मिमी जाडीचे काप काढा. त्यांच्या कडा कापायच्या नाहीत, हाताने मोडायच्या. बोटांनी चिमटे घेत मोडलेली कड दगडासारखी दिसते, कटरची कड पनीरसारखी. शीटच्या वरची गुळगुळीत साल आधी सोलून टाका, रंग तिच्यावर धरत नाही. कमरेइतक्या खडकाला दोन काप, डोक्यावरून जाणाऱ्याला पाच, एकावर एक, वरचा थोडा मागे सरकवून. मग ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा चुरगळून सगळीकडे दाबा, एकाच बाजूने नाही, फिरवत फिरवत. संपलेल्या बॉलपेनाने उभ्या तडा ओढा, त्या सरळ असतील तर चालतील, बेसाल्टच्या तडा बऱ्यापैकी उभ्या आणि कोनदार असतात.

काप एकमेकांना चिकटवताना फेविकॉल भरपूर लावून वाट बघत बसू नका. दोन फोमच्या मध्ये हवा जात नाही, चार दिवसांनीही आतला फेविकॉल दुधासारखा निघतो. मधोमध ग्लू गनचा एक ठिपका, कडेला फेविकॉल, आणि आरपार दोन टूथपिक. बूट चिकटवायचं रबरी सोल्युशन लावलंत तर पुन्हा स्प्रेचीच गोष्ट होईल.

मग साल चढवायची, ही पायरी गाळली तर सहा महिन्यांत प्रत्येक कोपऱ्यातून फोम डोकावतो. दोन भाग फेविकॉल, एक भाग रांगोळी, काळा रंग, थोडं पाणी. ताकापेक्षा दाट, श्रीखंडापेक्षा पातळ. हो, दारातली पांढरी रांगोळी. ती दगडाचीच पूड आहे, बारीक खरखरीत पोत येतो आणि सुकल्यावर टणक होतो. दोन हात, मध्ये एक रात्र. तळावर चाळलेली क्रश सँड. एवढं झालं की तुकडा टेबलावरून पडला तरी तुटत नाही, आणि तो पडणारच आहे.

गडगा, म्हणजे दगड रचून केलेली बुटकी भिंत, त्या मानाने सोपा. कोकणात उतरणाऱ्या वाटेला तो शोभतोही. एक्सपीएसचे मटाराएवढे ते हरभऱ्याएवढे तुकडे काढा, वाळूसोबत एका डब्यात घालून पाच मिनिटं खळखळवा, कोपरे झिजतात. मग ७५ मिमीच्या तळावर दोन-तीन थर रचा. दोन्ही टोकं ढासळलेली ठेवा. हे महत्त्वाचं: टोक सपाट कापलंत तर तो तुकडा एकटा ठेवला की अर्धवट दिसतो, आणि टोकाला खांब केलात तर दोन जोडले की मध्ये दोन खांब दिसतात. ढासळलेलं टोक एकटंही चालतं आणि जोडूनही चालतं. जोडायला चुंबक बसवावे का असं लोक विचारतात. मी एका संचात बसवले होते. अर्ध्यांचे ध्रुव उलटे बसले आणि भिंती एकमेकींपासून पळायला लागल्या. स्कॅटरला चुंबकाची गरज नाही.

आता झाडी, आणि डब्याच्या उंचीचं ते बंधन. उंबरखिंड फेब्रुवारीतली: गवत वाळून सोनेरी, करवंदीच्या जाळ्या हिरव्यागार, कारवीच्या काड्या उभ्या, पाचोळा. पावनखिंड १३ जुलै १६६०ची: धो धो पाऊस, शेवाळ, सगळं हिरवं, चिखल. दोन लढायांत सात महिन्यांचं अंतर आणि तुमच्याकडे खोकं एकच. दोन संच करू नका. दगड तोच असतो, बदलते ती झाडी. म्हणून झाडी तुकड्याला चिकटवूच नका.

संपलेल्या पेनाची रिफिल धुऊन घ्या, तिचे ८ मिमीचे तुकडे कापा, आणि सालीचा थर देण्याआधी खडकाच्या माथ्यावर, गडग्याच्या कडेला, सीडीच्या तळावर दोन-तीन ठिकाणी भोकं पाडून पुरून टाका, तोंड पृष्ठभागाशी सपाट. सीडीला भोकं पाडता येत नाहीत असं नाही, पण ती तडकते. तिच्यावर आधी फोमचा पातळ काप चिकटवा आणि नळी त्यात रोवा. रंगवताना तोंडात टाचणी खोचून ठेवा, नाहीतर फेविकॉल आत जाऊन बसेल. प्रत्येक झुडपाच्या, झाडाच्या बुडाला तार असेल, ती त्या नळीत जाते. झालं. फेब्रुवारीची झाडी एका पिशवीत, जुलैची दुसऱ्या पिशवीत, खडक आणि गडगे मधल्या काळ्या-तपकिरी रंगात दोन्हींना चालणारे. शिवाय खेळताना झाडाच्या जागी मिनी उभी करायची असेल तर झाड उपटून बाजूला ठेवता येतं, आणि खोक्यात झाडं आडवी झोपतात. लोक मॉड्युलर, म्हणजे सुट्या भागांचं, म्हटलं की भिंतीला भिंत जोडण्याचा विचार करतात. माझ्या मते खरा फायदा या नळीत आहे.

झाडी कशाची करायची यात आपलं घर श्रीमंत आहे. वाळलेल्या गवताला केरसुणीचे शेंडे. कारवीला आणि बांबूला खराट्याचे हीर, मूठभर एकत्र तारेने बांधून. उंच रानगवताला काथ्याचं पायपुसणं: त्याचे चौकोन कापले की शेतही होतं, परदेशातही लोक गव्हाच्या शेताला हेच वापरतात. झुडपाला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तोडून, फेविकॉलमध्ये बुडवून भुशात घोळवायची. रांगोळीसाठी मिळणारा रंगीत भुसा भडक असतो, त्यात चिमूटभर काळा आणि तपकिरी रंग कालवून पुन्हा वाळवा. मोठ्या झाडाला वाळलेल्या तुळशीचं खोड. त्याच्या फांद्यांचं प्रमाण २८ मिमीला इतकं बरोबर जुळतं की विश्वास बसत नाही. फक्त घरात विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं, आईने आठवडाभर बोलणं टाकलं होतं. पाचोळ्याला चहाचा चोथा, पण तो उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवून. दमट चोथा लावला की श्रावणापर्यंत त्याला पांढरी बुरशी येते.

दिवाळीत अंगणात किल्ला केला असेल तर यातलं बरंच तुमच्या हाताला माहीत आहे. विटा रचायच्या, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, त्याच्या घड्या डोंगरासारख्या पडू द्यायच्या, मग अळीव पेरायचं. गोणपाटाच्या जागी जुनं सुती कापड आणि चिखलाच्या जागी पाणी घातलेला फेविकॉल घेतला की मोठ्या टेकड्यांचे उतार तसेच होतात.

रंगाला महागडे मिनीचे रंग वाया घालवू नका. घराला लावतात त्या ॲक्रिलिक डिस्टेंपरचा सगळ्यात लहान डबा आणि दुकानातच मिळणाऱ्या स्टेनरच्या ट्यूबा: काळा, तपकिरी, पिवळा, हिरवा. डिस्टेंपर मुळातच निस्तेज, तेच हवंय. बेसाल्ट काळा म्हणून शुद्ध काळा लावू नका. काळ्यात तपकिरी आणि नखभर निळा. वरून कोरड्या ब्रशने मधला करडा, मग फक्त कडांवर फिकट करडा. एखाद्या तुकड्यावर दोन थरांच्या मध्ये लालसर पट्टा द्या, खऱ्या घाटात तसा दिसतो. तो देण्यासाठी कुंभाराकडचा गेरू पुरतो. वाटेच्या धुळीला मुलतानी माती, कोरडीच, ब्रशने झटकून, आणि व्हार्निशनंतर. आधी लावली तर व्हार्निशने गडद होऊन नाहीशी होते. मोगल काफिला गेला त्या वाटेवर ती हात सैल सोडून टाका.

व्हार्निशबद्दल एक सूचना, मुंबई-पुण्याकडच्या लोकांना खास. मॅट व्हार्निशचा स्प्रे जून ते सप्टेंबर मारू नका. हवेतल्या दमटपणाने त्याच्यावर पांढुरकं धुकं बसतं, आणि काळ्या खडकावर ते पिठासारखं दिसतं. झालंच तर ब्रशने ग्लॉसचा एक हात द्या, बहुतेक वेळा धुकं जातं, मग हिवाळ्यात पुन्हा मॅट. तसंही फोमवर स्प्रे नको म्हणून आपण ब्रशनेच लावणारा मॅट घेतोय, तेव्हा हा प्रश्न तुमच्या मिनींना जास्त येईल.

थ्रीडी प्रिंटर. घ्यायचा असेल तर तोफा, हंडे, पेटारे, पालखी, बैलगाडीची चाकं यांसाठी घ्या. ज्या वस्तू माणसाने घडवलेल्या असतात त्या त्यात सुंदर येतात. खडक आणि गडगे त्यात काढू नका, एका खडकाला सहा तास लागतात आणि तो हाताने वीस मिनिटांत जास्त चांगला होतो. आणि पीएलए, म्हणजे अशा प्रिंटरमध्ये वापरतात ते प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मी एकदा मे महिन्यात प्रिंट केलेले पेटारे बंद गाडीत ठेवून जेवायला गेलो. परत आलो तेव्हा ते पेटारे कमी आणि उशा जास्त दिसत होते. फोमच्या खडकांना काही झालं नव्हतं.

क्रम असा ठेवा: या रविवारी खोकं आणि काडेपेट्यांचा डाव. पुढच्या आठवड्यात फक्त सहा तुकडे, तीन खडक आणि तीन गडगे, रंगासकट पूर्ण. चोवीस एकदम कापून ठेवलेत तर चोवीस अर्धे तुकडे माळ्यावर जातात, ते मी करून बसलोय. सहांवर एक डाव खेळा, रिफिलची भोकं पुरेशी आहेत का ते बघा, मग पुढचे सहा.

आणि खोक्याच्या झाकणावर आतून तुकड्यांची संख्या लिहून ठेवा: खडक इतके, गडगे इतके, झाडं इतकी. डाव संपल्यावर मोजूनच झाकण लावा. माझा एक गडगा अजून कुणाच्या तरी सोफ्याखाली आहे.